स्वयंसेवेसाठी नुसती रजा पुरेशी नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष घोषित केल्यामुळे, कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत समाजसेवेची मुभा देण्याचा विषय अनेक आस्थापनांच्या बैठकांत निघेल. मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. अशी रजा मंजूर करणे सोपे असते. ती निर्धास्तपणे घेता यावी यासाठी कामाची व्यवस्था लावणे अवघड असते, आणि मालकांचे साहाय्य नेमके तिथे हवे असते.

सेवा सुट्टीच्या दिवशी का करू नये, असे नेहमी विचारले जाते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक लागतो आणि परीक्षा बहुधा कामाच्याच दिवशी असते. प्रश्न वाचून दाखवायचा, विद्यार्थी सांगेल ते जसेच्या तसे उतरवायचे आणि स्वतःची भर घालायची नाही, असे हे एकाग्रतेचे काम असून, त्या विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळत असल्याने त्यात दिवसाचा मोठा भाग जातो. शाळेत मुलांचे वाचन घेणे किंवा एकट्या वृद्धाला रुग्णालयात सोबत करणे, हीसुद्धा रविवारवर ढकलता येणारी कामे नव्हेत.

लेखा विभागातील माझी एक सहकारी लेखनिक म्हणून जात असे. तिला रजा मिळे, पण त्या दिवसाची बिले तिच्याच टेबलावर साचत आणि दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत बसून ती निपटावी लागत. म्हणजे रजा कंपनीच्या नावावर आणि वेळ मात्र तिच्या घरचा. पुढे विभागप्रमुखांनी तिच्या कामाची माहिती असलेली दुसरी व्यक्ती तयार केली, महिनाअखेर वगळून तारखा आधीच ठरवण्याची पद्धत घातली, आणि मग त्याच विभागातून आणखी काही जण पुढे आले. धोरणाचा कागद आधीपासून तोच होता. म्हणून विभागप्रमुखांच्या उद्दिष्टांतच या वेळेची तरतूद हवी. एरवी उद्दिष्ट पूर्ण करण्याच्या धास्तीने ते नकार देत राहतात आणि त्यांना दोषही देता येत नाही.

टिंबरलँड या बूट व कपडे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने १९९२ मध्येच कर्मचाऱ्यांना सेवेसाठी पगारी तास देण्यास सुरुवात केली. सेल्सफोर्स ही अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनी वर्षाला सात दिवसांपर्यंत अशी पगारी रजा देते. लहान मालकाला हे परवडणार नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो. जर्मनीत टेक्निशेस हिल्फ्सवेर्क या सरकारी आपत्ती निवारण संस्थेच्या स्वयंसेवकाला मोहिमेवर बोलावल्यास मालकाला त्याला पगारासह सोडावे लागते, आणि खासगी मालकाला त्या पगाराची भरपाई सरकारकडून मागता येते. सर्वच सेवेला असे संरक्षण देता येणार नाही, पण निदान आपत्तीतील कामासाठी मालकावरचा भार वाटून घेण्याचा हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. भरपाईची सोय नसेल तिथे लहान मालकाने पूर्ण दिवसाऐवजी आठवड्यातून दोन तास दिले तरी पुष्कळ होते.

सेवा कोणती करायची हे मात्र कर्मचाऱ्यानेच ठरवावे. साऱ्या विभागाला एका सकाळी बसमधून नेऊन भिंती रंगवून घेणे आणि छायाचित्रे काढणे, याने संस्थेपेक्षा कंपनीच्या वार्षिक अहवालाचीच सोय अधिक होते. त्या संस्थेला कदाचित रंगाऱ्यांपेक्षा दर महिन्याला हिशेब तपासून देणारा माणूस हवा असतो, म्हणून आधी तिला विचारले पाहिजे. ज्याला जायचे नाही त्याच्या मूल्यमापनात त्याची नोंदही होता कामा नये, कारण सक्ती आली की ती सेवा राहत नाही, नेमून दिलेले काम होते.

आणखी एक उणीव सहसा नजरेआड होते. या सवलती बहुधा कार्यालयात बसणाऱ्यांना मिळतात. पाळीत काम करणारे आणि कंत्राटी कामगार त्यातून वगळले जातात. पाळीचे वेळापत्रक लावतानाच सेवेचे तास धरले आणि सेवेच्या ठिकाणी अपघात झाल्यास विमा लागू राहील असे लेखी दिले, तर तेही या कामात येऊ शकतील. नवे धोरण आखणाऱ्यांनी सुरुवात त्यांच्यापासून करावी, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक