उंदीर पुष्कळ झाले साहेब, आता माणसांवर नीट तपासा

मा. प्रतापराव जाधव साहेब,
केंद्रीय आयुष राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार), यांस

साहेब, नमस्कार. तुम्ही बुलढाण्याचे, आम्ही चार पिढ्या इंदूरचे, म्हणून मराठीतच लिहितेय, मधेमधे हिंदी घुसली तर सांभाळून घ्या.

मी एम.फार्म. केलंय, थिसिसचा विषय गुडमारचा पाला आणि शुगर. (हा पाला चावून वर साखर खाल्ली तर ती मातीसारखी लागते, करून बघा.) पाला वाळवा, दळा, सॉक्सलेटमधे (अर्क काढायचं काचेचं उपकरण) अल्कोहोल घालून अर्क काढा, मग उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देऊन डायबेटिक करा, काहींना अर्क, काहींना ग्लिबेनक्लामाइड (शुगर उतरवणारं ॲलोपॅथीचं औषध), काहींना नुसतं पाणी, आणि शेपटीतून थेंब थेंब रक्त घेऊन मोजत बसा. 28 दिवसांनी शुगर उतरली, आम्ही पेढे वाटले (हो, पेढेच), आणि थिसिस गेला कपाटात. शेजारी कारलं, जांभळाच्या बिया, मेथी, सगळ्यांचे थिसिस तसेच.

तेव्हा कोणी विचारला नाही तो हिशोब आता सांगते. डोस होता किलोमागे 400 मिलीग्रॅम. उंदराचा डोस माणसासाठी काढताना साधारण सहाने भागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 4 ग्रॅम अर्क, पाल्यातून अर्क निघायचा जेमतेम 10 टक्के, म्हणजे 40 ग्रॅम वाळलेला पाला, रोज! एवढा तर बकरी खाईल. शिवाय त्या इंजेक्शनने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मरतात, आणि आपल्याकडे बहुतेकांना टाइप 2, तिथे इन्सुलिन असतं पण शरीर त्याला दाद देत नाही. उंदराचं खरं ते आमच्या शुगरवाल्या काकांचं खरं, हे कशावरून?

माणसांवर कामच झालं नाही असं नाही म्हणत मी. विजयसार घ्या, आपला बिबला. आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) चार सेंटरवर 97 नव्या पेशंटना अर्क दिला, 12 आठवड्यांत 67 जणांची शुगर ताब्यात आली, 1998 मधे छापूनही आलं. पण ती ओपन ट्रायल होती, कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत, तुलनेला दुसरा गट नाही. पुढे टोलब्युटामाइड या शुगरच्या जुन्या गोळीशी तुलना करूनही बघितलं. आणि तिथे मोजून 2 ते 4 ग्रॅम अर्क होता, आमच्या आत्याकडे आहे त्याच विजयसारच्या लाकडाचा ग्लास. रात्री पाणी भरायचं, सकाळी लालसर झालेलं प्यायचं. दोन महिन्यांत रंग उतरला तरी आत्या पितेच, वरून सकाळी पोहे-जलेबी. त्या पाण्यात नक्की किती उतरतं, ते मोजायला काय लागतं साहेब?

एवढंच मागणं आहे, उंदरांवरच्या प्रोजेक्टांना थोडे दिवस सुट्टी द्या आणि लोक आत्ता जे खातायत-पितायत ते माणसांवर तपासा, डॉक्टर आणि वैद्य एकत्र बसून, सीटीआरआयमधे (ट्रायल नोंदवायची सरकारी यादी) आधी नोंदवून, निदान सहा महिने, एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) मोजून, आणि उपयोग नाही निघाला तरी ते छापून. झाडावर माझा राग नाही, मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झाडातच आहे, फक्त त्यावर लोकांनी घाम गाळला.

आणि बाजारातली पावडर तपासा. 1954 च्या जादुई उपचारांच्या कायद्यात मधुमेहाचं नाव आहे, बरा करतो अशी जाहिरातच चालत नाही, तरी आमच्याकडे रिक्षांच्या पाठीवर पाट्या आहेत, शुगर जड़ से खतम. काकांनी अशीच एक डबी आणली, गोळ्या बंद, नुसती पावडर. आठ दिवसांत घाम, थरथर, मशीन लावलं तर शुगर 52, धोक्याइतकी कमी. जांभूळ-कारल्याने एवढी शुगर पडते हे मला पटेना, आत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं असेल असा संशय आहे, असं होतं हे फार्मसीवाल्यांना माहीत असतं. तपासून घ्यायला तीन ठिकाणी गेले, तिघांनी दुसरीकडे पाठवलं.

ती डबी अजून आहे माझ्याकडे, झाकणाला टेप लावून, बॅच नंबरसकट. कुठे पाठवायची तेवढं कळवा.

आपली,
इंदूरची एक फार्मसिस्ट