बाबा, प्लास्टिकची दोरी का नाही घेतली ते सांगते

आई-बाबा,

काल व्हिडिओ कॉलवर बाबा काही न बोलता उठून गेले आणि मला रात्रभर झोप नाही, म्हणून लिहूनच टाकते, फोनवर बोलायला लागलं की आई रडते आणि मग मीही.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर कळवलं याचा राग आलाय, तो बरोबरच आहे. दिवाळीला सुट्टी नाही असं मी म्हणाले होते तेही खोटं होतं. नवव्या माळेला इथे बडोद्यात गरब्यात गिरकी घेताना टाच मातीत रुतली, अंग फिरलं पण पाऊल तिथेच, आणि गुडघ्यात कट् असा आवाज मलाच ऐकू आला. रात्रीपर्यंत गुडघा टम्म. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून एकमेकांना बांधून ठेवणारं एक लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. तुम्ही इंदूरहून धावत आला असतात, बाबांचं बीपी आणि तो रात्रभराचा प्रवास, म्हणून नाही सांगितलं. चुकलंच माझं.

आता बाबांचं म्हणणं, की तयार कृत्रिम लिगामेंट मिळतं तर स्वतःच्या मांडीतली शीर कशाला काढू दिलीस. बाबा, मी डॉक्टरांना हेच विचारलं होतं. 1980च्या दशकात कार्बन फायबर, डॅक्रॉन, गोरटेक्स असं बरंच काही लोकांच्या गुडघ्यात घातलं गेलं, आणि सुरुवातीला माणूस लवकर चालायचाही. पण दोरी ती निर्जीव, रोज हजारो वेळा वाकते, पिळते, हाडातल्या बोगद्याच्या कडेला घासते, मग धागे तुटतात आणि त्या बारीक कणांनी गुडघा सुजत राहतो. तुटली की भरून येत नाही. त्यातले बहुतेक प्रकार पुढे बंद पडले. आताचं लार्स नावाचं पॉलिएस्टरचं सुधारलेलं आहे, काही केसेसमध्ये वापरतातही, पण माझ्या वयाला आणि एकच लिगामेंट तुटलेलं असताना आपलंच टेंडन, म्हणजे तुम्ही म्हणता ती शीर, स्नायू हाडाला जोडणारी, तेच बरं असं ते म्हणाले, मला पटलं.

त्यांनी त्या काढलेल्या शिरेचा फोटो दाखवला. पांढऱ्या ओल्या सुतासारखी, दुमडून चारपदरी केलेली, करंगळीपेक्षाही बारीक. माझ्याच अंगातली. ती हाडात बोगदा करून ओवलीय, वरून एक छोटंसं धातूचं बटण, खाली स्क्रू. आता तिच्यात नवीन रक्तवाहिन्या येतील, पेशी येतील, आणि हळूहळू ती लिगामेंटसारखी होईल, याला वर्षभर किंवा जास्तही लागतं. गंमत म्हणजे दुखणं कमी होतं तेव्हाच, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती सगळ्यात कच्ची असते. म्हणून आई, मी बरी दिसले तरी "जिने चढ-उतर कर गं" म्हणू नकोस, आणि नऊ महिने गरबा-बॅडमिंटन काही नाही.

रोज सकाळी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबते, दहा मोजते, सोडते. पहिल्या दिवशी मांडीचा स्नायू हललाच नव्हता, काल हलला, मी जावयांना हाक मारून दाखवला.

संक्रांतीला या दोघं. बाबा, तिकिटं मी काढते, खालचेच बर्थ. आणि आई, जिना उतरताना तू कठडा धरून एकेक पायरी उतरतेस ते मला दिसतं कॉलवर, येशील तेव्हा तुझाही गुडघा दाखवू.

तुमची,
छकुली