नाताळच्या सुट्टीतलं पत्र

मॅडिसन, विस्कॉन्सिन
२९ डिसेंबर १९५७

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही दोघं खुशाल आहोत. आई, तू विचारलंस की स्वयंपाकीण नाही, मोलकरीण नाही, जावा-नणंदा दुसऱ्या गावी, मग इकडच्या बायका दहा-बारा पानांचा सण निभावतात कसा? बाबांना दिव्यांच्या माळांची जोडणी समजून घ्यायची आहे. सुट्टीच आहे, दोन्ही नीट लिहिते.

आई, इथे सण घड्याळावर चालतो आणि घड्याळ उलटं मोजायचं असतं. थँक्सगिव्हिंग या इथल्या आभार मानायच्या सणाचंच बघ. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, यंदा २८ तारखेला आला. पानं दुपारी दोनला. चौदा पौंडांची, म्हणजे आपल्या पावणेसात शेरांची टर्की (कोंबडीसारखाच पण बराच मोठा पक्षी) सारण भरून ३२५ अंश फॅरनहाइटला साडेचार तास भाजतात. बाहेर काढल्यावर अर्धा तास तिला हात लावायचा नाही, नाहीतर कापताना रस वाहून जातो आणि मांस कोरडं होतं. म्हणजे सकाळी नऊला ती ओव्हनमध्ये हवी. दुकानातून येते ती पार गोठलेली. फ्रिजमध्ये सुटायला तीन दिवस लागतात, म्हणून सोमवारीच वरच्या कप्प्यातून खाली. घाईने ओट्यावर ठेवली तर वरचं मांस खराब व्हायला लागतं आणि पोटात बर्फ तसाच राहतो. सारण असतं शिळ्या पावाचे तुकडे, कांदा, सेलरी, लोणी आणि सेज नावाच्या उग्र वासाच्या पाल्याचं. ते आदल्या रात्री भरून ठेवायचं नाही. आतपर्यंत गारवा पोचत नाही, सारण आंबतं आणि खाणाऱ्यांची पोटं बिघडतात.

ओव्हन एकच, तोही दीडपर्यंत अडलेला. म्हणून भोपळ्याचा ‘पाय’ बुधवारीच करून ठेवतात; पाय म्हणजे मैद्याच्या पारीत सारण घालून भाजलेला इकडचा गोड पदार्थ. तुझे घारगे ज्या तांबड्या भोपळ्याचे, तसल्याच भोपळ्याचा हा. शिजवून गाळलेला भोपळा दोन कप, दोन अंडी, पाऊण कप साखर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा लवंग आणि डब्यातलं आटवलेलं बिनसाखरेचं दूध पावणेदोन कपांना थोडं कमी. ताजा भोपळा घेतला तर गाळल्यावर पुन्हा आटवावा लागतो. पाणी राहिलं की खालची पारी कच्ची आणि ओली राहते. पारीला दीड कप मैदा, अर्धा कप गार तूप किंवा चरबी आणि बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे. कणकेसारखं मळायचं अजिबात नाही! वाटाण्याएवढे गोळे दिसले की थांबायचं. जास्त मळलं की पारी चिवट होते. आधी ४२५ अंशांना पंधरा मिनिटं, मग ३५० ला पाऊण तास. मध्यात सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. त्यापुढे ठेवलं तर अंडं आवळतं आणि वर भेगा पडतात.

दादाला सांग, इकडे आला तर पाय खाण्याआधी पारी कशात केली ते विचारायचं. बऱ्याच घरी लार्ड म्हणजे डुकराची चरबी घालतात, काहीजणी डालड्यासारखं वनस्पती तूप वापरतात. या राज्यात दूधदुभत्याचा एवढा मान आहे की पिवळा रंग दिलेलं मार्जरीन विकायलाच कायद्याने बंदी आहे.

बाकीचे पदार्थ आधी ठरवून पाहुणेच आणतात आणि भांडी पुसायलाही उभे राहतात. मला यातलं सगळ्यात काय पटलं सांगू? दोन वाजता रांधणारीही सगळ्यांबरोबर पानावर बसते. आपल्याकडे शेवटची पंगत उठेपर्यंत तू उपाशी असतेस. आपल्या घरी हे जमवायलाच हवं, आई. पुरण आदल्या दिवशी वाटून ठेवता येतं, वाढायला दादा आणि बाबा आहेत.

बाबा, आता माळा. जुन्या पद्धतीच्या माळेत आठ दिवे एकापाठोपाठ जोडलेले असतात. इथला दाब १२० व्होल्ट, म्हणून दिवा १५ व्होल्टचा. एक गेला की सगळी माळ अंधारते. मग खात्रीचा दिवा घेऊन एका टोकापासून एकेका जागी लावून बघायचा. माळ पेटली की तिथला दिवा गेलेला. दोन गेले असतील तर या रीतीने सापडत नाहीत, प्रत्येक दिवा चालू माळेत तपासावा लागतो. नव्या माळांत प्रत्येक दिव्याला पूर्ण १२० व्होल्ट मिळतात, त्यामुळे एकच विझतो. पण ते दिवे तापतात, नाताळसाठी घरात उभ्या केलेल्या झाडाच्या सुकलेल्या पानांना टेकू द्यायचे नसतात. गणपतीसाठी जुन्या पद्धतीच्या दोन माळा पाठवीन म्हणते. एक माळ आपल्या २३० व्होल्टवर क्षणात जळेल. दोन्ही एकापाठोपाठ जोडल्या तर सोळा दिव्यांचे २४० होतात आणि काम भागतं. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.

झाडाचं एक सांगायचं राहिलं. घरी आणल्यावर बुंधा इंचभर पुन्हा कापतात, कारण कापलेल्या जागी राळ धरते आणि पाणी चढत नाही. पहिल्या दिवशी ते भरपूर पाणी पितं, भांडं कोरडं पडू द्यायचं नाही.

शुभेच्छापत्रं इथे ढिगाने जातात. पाकीट न चिकटवता टाकलं तर दोन सेंट, चिकटवलं तर तीन, म्हणजे आपले चौदा नवे पैसे. तुम्हाला साधं हवाई पाकीट अर्ध्या औंसाला पंचवीस सेंट पडतं, हे घडीचं पत्र, ज्याच्या कागदाचंच पाकीट होतं, दहातच येतं. म्हणून तर जागा पुरवून लिहिते.

मात्र घडीच्या पत्रात काही घालायला मनाई आहे. घातलं तर ते हवाई टपालाने जात नाही. आई, संक्रांतीचा हलवा पाठवशील तर वेगळ्या पाकिटातून, चार दाणेच, पातळ कागदात चपटे पसरून पाठव; एका जागी गोळा झाले की शिक्का मारताना पाकीट फाटतं. तिळाच्या वड्या नकोत, तेल सुटून अक्षरं पुसतात.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची,
बेबी