नारासाठी दोन दिवस ठेव

ओसाका, १६ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या सहलीचा कार्यक्रम काल रात्री निवांत वाचला. बाकी सगळं छान आखलंयस, पण पाचव्या दिवशी ‘क्योतोहून नारा, अर्धा दिवस’ हे वाचलं आणि मला राहवेना. अर्ध्या दिवसात हरणांना बिस्किटं भरवायची, मोठ्या बुद्धापुढे फोटो काढायचा आणि परत गाडीत बसायचं, एवढंच होतं. बाकीच्यांचं ठीक आहे. पण तू अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोरून हलेनास म्हणून आपली जळगावची एसटी चुकली होती, आठवतंय? तुझं अर्ध्या दिवसात भागायचं नाही. दोन दिवस ठेव, मध्ये एक मुक्काम कर. मी ओसाकाहून येतोच आहे.

हरणांचं आधी उरकतो, कारण काकूंना तीच आवडणार. बाराशे-तेराशे तरी आहेत, कुणाच्या मालकीची नाहीत. कासुगा देवस्थानाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी श्रद्धा, म्हणून शेकडो वर्षं त्यांना पवित्र मानत आलेत. पुढ्यात येऊन खरोखर मान लववतात. त्यांच्यासाठीची बिस्किटं तिथेच मिळतात. संपली की दोन्ही हात उघडून दाखवायचे, मग ती निघून जातात. काकूंच्या हातात प्लास्टिकची पिशवी मात्र देऊ नकोस. पिशव्या खाऊन हरणं मेली आहेत इथे.

आता तोदाईजी, म्हणजे त्या मोठ्या बुद्धाचं मंदिर. बुद्ध पंधरा मीटर उंच आहे, ते तुला कुठेही वाचायला मिळेल. मला त्यामागची गोष्ट जास्त भिडते. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीनं इथे हाहाकार माजला होता. त्यानंतर ७४३ मध्ये शोमू सम्राटानं ही मूर्ती घडवायची ठरवली आणि फर्मान काढलं, की ज्याला मदत करायची आहे त्यानं गवताची एक काडी, मूठभर माती आणली तरी ती घ्यावी. ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. सम्राटाची तब्येत बरी नव्हती, म्हणून डोळ्यांत बाहुल्या रेखाटल्या त्या आपल्याकडच्या एका भिक्षूनं! बोधिसेन त्याचं नाव. दक्षिण भारतातला, चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोचलेला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात लागला. तो कुंचला आणि ती निळी रेशमी दोरी मागच्याच शोसोइन कोठारात अजून जपून ठेवलेली आहे. बाराशे वर्षं उलटून गेली रे! घरी आपल्याला आजोबांचा दौत-टाक सांभाळता येत नाही.

मूर्ती मात्र सगळी मूळची नाही. ११८० मध्ये आणि १५६७ मध्ये लढायांत मंदिर जळलं. आजचं १७०९ चं आहे, आधीच्यापेक्षा अरुंद. मूर्तीचं डोकं नव्यानं ओतलेलं, पण खालच्या कमळाच्या काही पाकळ्या पहिल्या आहेत. लोक वर बघत पुढे सरकतात, तू खाली वाकून त्या पाकळ्यांवरचं कोरीवकाम बघ.

तिथून कोफुकुजी मंदिराचं संग्रहालय. तिथे आशुरा आहे, म्हणजे आपला असुर. तीन तोंडं, सहा हात, आणि चेहरा बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा. ७३४ सालचा. आपल्या मनातल्या असुराशी काही म्हणजे काही जुळत नाही. हात काड्यांसारखे बारीक, भुवया किंचित आखडलेल्या, काहीतरी चुकलंय हे नुकतंच कळल्यासारखा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाऊण तास तिथेच होतो. मातीच्या साच्यावर लाखेत भिजवलेलं कापड चढवायचं आणि आतली माती काढून टाकायची, अशा रीतीनं केलेली पोकळ मूर्ती आहे. त्यामुळे वजन अगदी कमी. इतक्या आगी लागल्या, पण भिक्षूंना ती उचलून बाहेर पळता आलं, असं सांगतात.

मुक्काम कर म्हणतो तो संध्याकाळसाठी. पाच वाजले की सहलींच्या बस निघून जातात आणि गाव एकदम शांत होतं. तेव्हा निगात्सुदोला चढायचं. तोदाईजीच्याच मागे, टेकडीच्या कडेला लाकडी सज्जाचं मंदिर. सज्जा रात्रीही उघडा असतो, पैसे पडत नाहीत. समोर पश्चिम. बुद्धाच्या मंदिराचं छप्पर खाली दिसतं, त्याच्या दोन टोकांवरच्या सोनेरी शिंगांवर शेवटचं ऊन राहतं, मग पलीकडच्या इकोमा डोंगरामागे सूर्य जातो. एकेक कंदील लागतो. मार्चमधल्या विधीत याच सज्जातून भिक्षूंचे मदतनीस पेटते पलिते घेऊन धावतात. ७५२ पासून एकाही वर्षी खंड पडलेला नाही, मंदिर जळालं त्या वर्षीसुद्धा नाही.

दुसरा दिवस अख्खा होर्यूजी या मंदिरासाठी. खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहितोय. नाराहून लोकल ट्रेननं दहा-बारा मिनिटं, पुढे वीस मिनिटं चालत. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे उभ्या आहेत. पाच मजली मनोऱ्याच्या मधल्या खांबाचं झाड ५९४ मध्ये तोडलेलं, हे लाकडाच्या वलयांवरून काढलंय. पण तुला मी नेणार ते मुख्य मंदिरात, कोंदोत. त्याच्या भिंतींवर बारा मोठी चित्रं होती. बुद्ध, बोधिसत्त्व, आणि रेषा अशी की बघणाऱ्याला अजिंठाच आठवावा. आराई काम्पो नावाचा चित्रकार अजिंठ्याला येऊन राहिला होता, १९१७ च्या सुमारास. त्यानं आपल्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून जपानला नेल्या. १९२३ च्या भूकंपात त्या नष्ट झाल्या. पुढे होर्यूजीच्या भिंतींची नक्कल करायचं काम निघालं, त्यातही हाच माणूस होता. १९४५ मध्ये तो गेला. काम चालूच होतं, आणि १९४९ मध्ये पहाटे कोंदोला आग लागून ती चित्रं करपली. तारीख होती २६ जानेवारी.

दुसऱ्या वर्षी जपाननं सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. पुढे ती तारीख देशभर जुन्या वास्तूंना आगीपासून जपण्याचा दिवस म्हणून पाळायला लागले. गेल्या २६ जानेवारीला मी मुद्दाम गेलो होतो. कडाक्याची थंडी. आधी भिक्षूंची प्रार्थना झाली, मग बंबवाल्यांनी पाण्याचे उंच फवारे सोडले, आणि मी मनात झेंडावंदनाला उभा होतो.

आज आत दिसतात त्या नंतर काढलेल्या प्रती. करपलेल्या मूळ भिंती तशाच वेगळ्या जपून ठेवल्यात, सहसा बघायला मिळत नाहीत. दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवलेली उडत्या अप्सरांची वीस छोटी चित्रं तेवढी वाचली. कोंदोत अंधार फार असतो. आपल्या लेण्यासारखंच, डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं.

काकूंच्या जेवणाची काळजी करू नकोस. इथली पानात बांधलेली सुशी माशाची असते, ती तुमच्यासाठी. त्यांना मोची देऊ, म्हणजे चिकट तांदळाचा कुटलेला गोळा. स्टेशनजवळच्या गल्लीत दोघं जण लाकडी उखळात ती कुटतात, एक जण घाव घालतो, दुसरा दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा उलटतो. आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण, पुरणाच्या जवळ जाणारं. वहिनींना सांग, चालायचे बूट आण.

तिकिटं नक्की झाली की लगेच कळव, म्हणजे मी रजा टाकतो. आणि त्या दिवशी एसटी चुकेपर्यंत तू पेन्सिलीनं पद्मपाणी काढत होतास, ती वही असेल अजून. शोधून घेऊन ये. कोंदोतून बाहेर पडलो की दारातल्या उजेडात उघडून बघू.

तुझा,
अविनाश