सुई टोचण्याआधी विचारा, ऑपरेशन कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई तुमच्या अंकातलं शब्दकोडं कित्येक वर्षं सोडवते आहे. आमच्या गल्लीत, इंदूरच्या रामबागेत, तुमचा छापील अंक येत नाही. म्हणून भाऊ ई-पेपरवरून कोड्याचं पान छापून आणतो आणि आई पेन्सिलीनं ते भरते. सध्या ती कोडं पलंगावर पडून भरते, कारण डावा पाय जमिनीला टेकवायला तिला मनाई आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, खुब्यापाशी, गाठ आहे. निदान कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेच्या पेशींचा कॅन्सर. पुढच्या महिन्यात परळच्या टाटा रुग्णालयात ऑपरेशन आहे.

आठ महिने आम्ही तिचा गुडघा शेकत होतो. दुखायचं गुडघ्यातच, म्हणून तीनदा एक्स-रे काढला तोही गुडघ्याचाच. खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, हे आमच्या डोक्यात कुठून येणार? झिजेचं दुखणं चाललं की वाढतं आणि आडवं झालं की निवतं. आई मात्र रात्री दोन वाजता उठून बसायची. ती अडुसष्ट वर्षांची, त्यामुळे सगळ्यांनी (मीसुद्धा) ‘वय झालं’ म्हणून विषय संपवला.

पण पत्र लिहायला बसले ते त्याच्या पुढच्या चुकीसाठी. शेवटी इथल्या एका खासगी रुग्णालयात खुब्याचा एक्स-रे झाला, त्यात डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, उद्याच तुकडा काढून तपासायला पाठवू. आम्हाला इतकं बरं वाटलं! चला, कोणीतरी घाई करतंय. दुसऱ्या दिवशी मांडीवर आडवा छेद घेऊन तुकडा काढला. एमआरआय त्यानंतर झाला.

पुढे मुंबईच्या सर्जननी त्या आडव्या व्रणावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे कुणी केलं?” रागानं नव्हे, थकल्यासारखं. मग कागदावर पाय काढून समजावलं. गाठीपर्यंत सुई किंवा सुरी ज्या वाटेनं जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात. म्हणून मुख्य ऑपरेशनमध्ये ती वाटही गाठीसकट कापून काढावी लागते. ऑपरेशनचा छेद मांडीच्या लांबीनं उभा असतो. तुकडाही त्याच रेषेतून काढला असता, तर वाट आपोआप त्यातच गेली असती. आडव्या छेदामुळे आता जास्तीची कातडी आणि स्नायू जाणार. पाय वाचणार आहे, पण असल्या चुकीच्या जागच्या छेदापायी कधीकधी पायही गमवावा लागतो, असं ते म्हणाले. एमआरआयही आधीच हवा होता. एकदा सुरी लागली की आतली सूज आणि रक्त चित्रात मिसळतं.

त्या डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी वाईट हेतूनं काही केलं नाही आणि इंदूरमध्ये कॅन्सरचे चांगले डॉक्टर नाहीत असंही मुळीच नाही. पण हाडातल्या संशयित गाठीचा तुकडा कुठून काढायचा हे पुढे ऑपरेशन करणाऱ्यानं ठरवायचं असतं, एवढं एक वाक्य त्या दिवशी कोणी आम्हाला सांगितलं असतं तर? आम्ही चार दिवस थांबलो असतो. आठ महिने थांबलोच होतो की! तुमच्या आरोग्य पुरवणीत गुडघेदुखीवर पानंच्या पानं येतात, त्यात एखादी चौकट या वाक्यासाठी द्यावी, ही विनंती.

आता घरात तयारी चालली आहे. मावशी रोज फोनवर विचारते, “केमो कधी?” केमो नाही म्हटलं की गप्प होते. तिला वाटतं डॉक्टरांनी हात टेकले. खरं म्हणजे आईच्या प्रकारच्या गाठीवर केमोचा फारसा उपयोगच होत नाही, तिथे ऑपरेशन हाच मुख्य उपचार. हाडाचं वरचं टोक काढून तिथे धातूचा सांधा बसवणार आहेत. मग मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही, बुटकं आसन नाही. आमच्या जुन्या घरात सगळं जगणंच जमिनीवर! संडास बदलून कमोड बसवला. ओट्याच्या तीन पायऱ्यांवर फळ्यांचा उतार केला. देव्हारा टेबलावर चढवला, तेव्हा मात्र आईचा चेहरा पडला. “उभ्यानं पूजा करायची म्हणजे देवाला घाईत भेटल्यासारखं,” म्हणाली. भावानं उंच खुर्ची आणली. ती तिला अजून पटलेली नाही.

बाबांना ती पलंगावरून कुकर लावायला शिकवते आहे. बाबा शिट्ट्या मोजताना बोटं धरतात. आयुष्मानचं कार्डही बाबांचंच आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळतं ते. बाबांना कार्ड, आईला आजार.

मुंबईला अवंतिकेनं जाऊ. रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर एसीत कॅन्सरच्या रुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाचं ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. पहिल्या खेपेला हे माहीत नव्हतं, पूर्ण पैसे भरले. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीत चौकशी चालू आहे. आणखी एक : तपासणीच्या काचपट्ट्यांबरोबर मेणात बसवलेले तुकडेही, ज्यांना लॅबवाले ब्लॉक म्हणतात, मागून घ्यावेत. आम्हाला नुसत्या काचपट्ट्या दिल्या आणि ब्लॉकसाठी भावाला पुन्हा अर्ज घेऊन धावावं लागलं.

मला खरी धास्ती आहे ती घर ते स्टेशन या अंतराची. गाठीच्या जागी हाड मोडलं तर पेशी आजूबाजूला पसरतात आणि सगळा बेत बदलतो. म्हणून शेजारच्या दोन मुलांना सांगून ठेवलंय, खुर्चीसकट उचलायचं. त्यांनी परवा रिकामी खुर्ची उचलून सराव केला. मग आई म्हणाली, रिकामी कशाला, बाबांना बसवा. बाबा बसले.

मुंबईत रोज सकाळी कागदाचा अंक मिळेल, याचं तिला फार अप्रूप आहे. पेन्सिल आणि खोडरबर बॅगेत सगळ्यात आधी गेलंय.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर

(नाव कृपया छापू नये. आई अंक शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि घरातलं बाहेर सांगितलं म्हणून मला बोलेल.)