गव्हाचं काड

मेलबर्न,
रविवार दुपार

ती. आई-बाबांस शि. सा. न.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलता येतं हे खरं. पण बाबा "हं, हं, बरं" एवढं म्हणून फोन आईकडे देतात, आणि आईला गुडघ्याचं विचारलं की ती मेथीच्या जुडीचा भाव सांगते. म्हणून लिहायला बसले. दादाचा सोन्या वाचून दाखवेल. बाबांनी चष्मा शोधत घर पालथं घालू नये.

बाबा, मार्चमधलं आपलं भांडण मी विसरलेले नाही. पंजाबचं हार्वेस्टर गावात आलं होतं आणि शेजारच्या सगळ्यांचा गहू एका दिवसात ट्रॉलीत पडला. तुम्ही एकटेच नाही म्हणालात. मी इथून शहाणपणा केला, की अजून विळ्यानं कोण सोंगतं? त्यावर तुम्ही म्हणालात, "म्हशींना काड कोण देणार? विमानानं पाठवतेस का?" आणि फोन ठेवलात. मग मजूर शोधण्यात पाच दिवस गेले, अवकाळी आली, खालच्या पट्टीतला लोकवन गहू आडवा झाला आणि मी पुन्हा फोन करून "मी म्हणाले होतेच" असं ऐकवलं. ते ऐकवायला नको होतं. आता मला वाटतं, तुम्ही निम्मे बरोबर होतात. उरलेल्या निम्म्याबद्दल खाली लिहिते.

झालं असं, की सप्टेंबरात आम्ही हेंटीला गेलो. गाडीनं चार-साडेचार तास, ऑल्बरी ओलांडून पुढं. लहानसं गाव, पण दर सप्टेंबरात तिथं शेतीयंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं. आपल्या जत्रेसारखंच, फक्त देवाच्या जागी ट्रॅक्टर. जावयांना कंटाळा आला, ते मुलांना घेऊन आइस्क्रीमच्या रांगेत गेले. मला जुनी यंत्रं बघायची होती. डिप्लोमाला असल्यापासून मला ही खोड आहे, तुम्हाला माहीतच आहे. घरचं मळणी यंत्र बंद पडलं की मी पट्ट्याजवळ बसलेली असायचे आणि आई ओरडायची, "वेणी वर बांध आधी!"

इथलं पहिलं यंत्र आपल्या डोक्यात बसत नाही, कारण ते गहू कापतच नाही. ते फक्त ओंब्या ओरबाडतं.

१८४३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या आसपास गहू उदंड पेरला गेला आणि काढायला माणसं नव्हती. तुमच्या मार्चसारखंच. तिथल्या लोकांनी चांगल्या कापणी यंत्राला बक्षीस लावलं. नमुने आले, पण बक्षीस कुणालाच मिळालं नाही. त्यातल्या बुल नावाच्या शेतकऱ्याच्या नमुन्यात फणी होती आणि ओंब्या बदडणारी फिरती पाती होती. त्याच नोव्हेंबरात जॉन रिडली या पिठाच्या गिरणीवाल्यानं त्याच तत्त्वावरचं खरं यंत्र शेतात चालवून दाखवलं. कल्पना कुणाची यावरून पुढं बरीच वर्षं वाद झाला. रिडलीनं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ज्याला जमेल तो लोहार ते बनवू लागला आणि ते भराभर पसरलं.

त्याची रचना सांगते. दोन चाकांवर एक मोठी पेटी. पेटीच्या तोंडाला लांब दातांची फणी, अगदी आईच्या लाकडी फणीसारखी, फक्त आडवी धरलेली. यंत्र पुढं गेलं की गव्हाची काडी दोन दातांमधून सरकते, पण ओंबी जाड, ती अडकते. फणीच्या वर एक पिंप गरगर फिरतं आणि त्याला पाती लावलेली असतात. अडकलेल्या ओंबीला पात्याचा फटका बसतो आणि दाणे, भुसकट, तुटक्या ओंब्या सगळं मागच्या पेटीत उडतं. पिंप फिरतं ते चाकाच्या जोरावर, पट्ट्यानं. घोडे पुढं नाहीत, मागं! दांडीला जुंपलेले, यंत्र ढकलत चाललेले, म्हणजे उभं पीक त्यांच्या खुरांखाली येत नाही. (दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी असंच काहीतरी फ्रान्सकडच्या मोठ्या शेतांवर पाहिल्याचं लिहून ठेवलंय. दातेरी पेटी, मागून ढकलणारा बैल. माणसाच्या डोक्यात तीच युक्ती दोनदा येते, याचं मला फार हसू आलं.)

आणि मागं काय उरतं? काड. शेतात, उभंच. मुंडकं नसलेलं.

तिथं उभी राहिले तेव्हा मला तुमचा आवाज ऐकू आला, "काड कोण देणार?" बाबा, त्या लोकांना काड नकोच होतं. जमीन अफाट, गुरं मोकळ्या कुरणात चरणारी, कडब्याची गंजी रचायला माणूस नाही. हवा तर अशी कोरडी की डिसेंबरात, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, ओंबी हातात घेतली तर चुरा होतो. सकाळचं दव असेपर्यंत यंत्र चालत नसे, कारण ओंबी चिवट झाली की फटक्याला दाद देत नाही. इंग्लंडच्या ओल्या हवेत हे कधी चाललं नसतं. म्हणजे हे यंत्र तिथल्या उन्हाचं आणि तिथल्या गरजेचं होतं, आणि त्या गरजेत तुमच्या दोन म्हशी नव्हत्या. तुम्ही ज्याला नाही म्हणालात ते आजचं हार्वेस्टर दाणा घेतं आणि काड रानात फेकतं. ते या घराण्याच्याच चालीचं. मी इथं राहून त्यांच्या डोळ्यांनी बघायला लागले होते.

रिडलीच्या यंत्रात एक मोठी खोट होती. पेटी भरली की ढीग घालायचा, आणि मग तो वेगळ्या यंत्रात घालून हातानं चाक फिरवत उफणायचा. सोंगणीचे दिवस वाचले, पण उफणणी तशीच राहिली. आई, तुला तिवईवर उभं राहून सूप हलवत वाऱ्याची वाट बघणं आठवतं ना, आणि वारा पडला की आजी शीळ घालायला सांगायची? तसला वैताग इथंही होताच.

तो वैताग ह्यू मकाय नावाच्या पोरानं संपवला. पोरगाच तो. १८८४ साली एकोणीसच्या आत-बाहेर असेल. व्हिक्टोरिया प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा, बारा भावंडं. बाप आणि भावाला घेऊन घरच्या लोहारकामाच्या छपरात, जुन्या यंत्रांचे भाग जोडून त्यानं असं यंत्र केलं की एकीकडे ओंबी ओरबाडायची, पोटात मळायची, चाळायची, वारं द्यायचं आणि दुसरीकडे स्वच्छ दाणा पोत्यात. चाललेल्या गाडीवरच सगळं खळं! त्याच सुमारास आणखी एक-दोघांनीही असं यंत्र केलं होतं. पहिला कोण हे इथंही भांडणाचंच आहे. पण मकायला विकायचं कळत होतं.

त्यानं यंत्राचं नाव ठेवलं 'सनशाइन'. १९०६ मध्ये कारखाना मेलबर्नच्या पश्चिमेला हलवला आणि वर्षभरात त्या वस्तीचं नावच सनशाइन झालं. आई, मी रोज ज्या स्टेशनवर गाडी बदलते ना, तेच. इतकी वर्षं मला वाटायचं, इथं ऊन जास्त पडत असेल.

त्या कारखान्यावरून एक खटलाही झाला. कामगारांना रास्त मजुरी दिली तर कारखानदाराला कर माफ, असा कायदा होता. मग रास्त म्हणजे किती? १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी सांगितलं की बिनकसबी मजुराला दिवसाला निदान ७ शिलिंग हवेत, कारण त्यात त्याची बायको आणि पोरं साधेपणानं जगली पाहिजेत. मालकाला काय परवडतं यावरून नाही, तर घराला काय लागतं यावरून हिशेब! मकाय वरच्या कोर्टात गेला आणि तो करकायदा रद्द झाला, पण मजुरीचं ते माप इथं पुढं रुजलंच. वाचताना मला आई आठवली, भर उन्हात दुसऱ्याच्या रानात सोंगून संध्याकाळी डोक्यावर मजुरीच्या पेंढ्या आणणारी. बाबांना कदाचित आवडणार नाही मी हे लिहिलेलं. असू दे.

आता लोळलेल्या गव्हाचं. हेंटी हे हेडली टेलरचं गाव. यंत्र पुढं सुधारलं ते त्यानं, आणि त्याचं मूळ यंत्र तिथं जपून ठेवलंय. टेलरनं चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं खटपट केली. त्याच्या लक्षात आलं, की बदडण्यात दाणा सांडतो, आणि गहू आडवा असला तर फणीला ओंबी सापडतच नाही. त्यानं फणीची बोटं लांब केली, ती जमिनीलगत घालून पडलेलं पीक उचलून घ्यायची. बदडणारी पाती काढून टाकली आणि फणीच्या मुळाशी पुढं-मागं सरकणारं कापायचं पातं बसवलं. कापलेल्या ओंब्या मळसूत्रासारख्या फिरणाऱ्या दांड्यांनी आत ओढायच्या. मी वाकून त्या बोटांवरून हात फिरवला. टोकाला बोथट, वर किंचित उचललेली, जसं बाळाच्या मानेखाली हात घालावा तशी. १९१६ मध्ये मकायनं टेलरचे हक्क घेतले आणि त्यालाच कारखान्यात बोलावून घेतलं. १९२० मध्ये सुगीच्या तोंडावर वादळं झाली, इकडच्या रानांत गहू झोपला, आणि जुन्या यंत्रांनी हात टेकले तिथं टेलरचं यंत्र चाललं. तेव्हा लोकांना त्याची किंमत कळली. १९२४ मध्ये तर त्यानं स्वतःच्या इंजिनावर चालणारं यंत्र काढलं. घोडे सुटले.

बाबा, हे ते निम्मं, जिथं तुम्ही चुकलात असं मला वाटतं. तुमचं काडाचं बरोबर होतं, पण पाच दिवस थांबणं बरोबर नव्हतं. आणि मध्ये एक वाट आहे.

अमेरिकेतली यंत्रं वेगळ्या चालीनं वाढली. त्यांना काड हवं होतं, म्हणून ते बुडाजवळ कापत. मॅकॉर्मिकनं १८३१ मध्ये व्हर्जिनियात कापणी यंत्र चालवून दाखवलं. त्याच्याकडच्या जो अँडरसन या गुलामाचे हातही त्यात होते, पण नाव झालं मालकाचं. त्या यंत्रात कापलेला गहू फळीवर पडे, एक माणूस दाताळ्यानं तो खाली ओढे आणि मागून माणसांनी वाकून पेंढ्या बांधायच्या. १८५८ मध्ये मार्श बंधूंनी कापलेला गहू कापडी पट्ट्यावरून वर आणला, म्हणजे बांधणारे यंत्रावरच उभे राहून बांधत. कंबर वाचली. मग तारेनं आपोआप बांधणारी यंत्रं आली, आणि तारेचे तुकडे काडातून गुरांच्या पोटात जाऊ लागले. आपली कपिला कशी गेली ते सांगायला नको.

शेवटी १८७८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीनं सुतळीची गाठ मारणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पोपटाच्या चोचीएवढा लोखंडी तुकडा. सुतळी चोचीवर येते, चोच एक गिरकी घेते, तिच्याभोवती फास पडतो, चोच उघडते, दोन्ही टोकं दातात धरते, पातं सुतळी कापतं, आणि पेंढी पुढं ढकलली की फास चोचीवरून घसरून गाठ बसते. मी प्रदर्शनात चाक हळूहळू फिरवून सात-आठ वेळा पाहिलं. मागं रांग लागली तेव्हा हलले.

तर बाबा, तोच वंश आज आपल्याकडे रीपर-बाइंडर म्हणून मिळतो. गहू बुडाजवळ कापतो, सुतळीनं पेंढी बांधून बाजूला टाकतो. पेंढ्या खळ्यावर आणून आपल्या मळणी यंत्रात घातल्या की दाणाही तुमचा आणि भुसाही तुमचा. दादाला तालुक्याला भाड्याचा दर विचारायला सांगितलंय. विसार मी पाठवते, त्यावर वाद नको. दोन गोष्टी मात्र बघा. खालच्या पट्टीत पाणी साचून गहू लोळतो. आडव्या पिकावर रीपर चालत नाही, तिथं शेवटचं पाणी आणि युरिया हात राखून द्या. आणि सुतळी तागाचीच मागा. प्लास्टिकची असली तर मळणीआधी एकूण एक काढावी लागेल, म्हशी काहीही चघळतात. वरच्या पट्टीकडं जाणारी वाट किती फूट रुंद आहे तेही मोजून कळवा. तिथून बैलगाडी जाते म्हणून ट्रॅक्टरही जाईल असं धरू नका.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग. आणि एक काम आहे. तू चार काड्या पिळून पेंढीला आळा घालायचीस, त्यात गाठ नसायचीच, नुसता पीळ देऊन टोक खोचायचीस, आणि डोक्यावरून घरापर्यंत पेंढी सुटायची नाही. मी काल बागेतलं वाळकं गवत घेऊन करून बघितलं, तीनदा सुटलं. सोन्याला मोबाइल धरायला सांग आणि मला दाखव. हात नीट दिसले पाहिजेत, तोंड नाही आलं तरी चालेल. नाहीतर पदर सारखा करत बसशील आणि पीळ घालताना नेमकं काय केलंस ते राहून जाईल.

तुमची,
सुमी