वाचा-उपचार शाळेपर्यंत यावेत

महोदय,

बोलण्यातील दोषांवर सहा वर्षांच्या आत उपचार व्हावेत, हा आपल्या अंकातील लेखाचा मुद्दा पटला. मात्र सातवी ते दहावीची मुले त्यात कुठेच दिसली नाहीत. लहानपणी अडखळणाऱ्या बऱ्याच मुलांचे अडखळणे आपोआप थांबते. ज्यांचे थांबत नाही, ती माध्यमिक शाळेत येईपर्यंत ते लपवण्यात तरबेज झालेली असतात. अडणारा शब्द टाळून भलताच वापरायचा, उत्तर येत असूनही ‘विसरलो, सर’ म्हणून खाली बसायचे. आम्ही शिक्षक त्यावर ‘अभ्यास करत नाही’ असा शेरा मारून मोकळे! याच मुलांना पुढे दहावीला भाषा विषयांची तोंडी परीक्षा द्यायची असते.

मुलांची आरोग्य तपासणी करून मोफत उपचार देणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्पष्ट समावेश आहे. कागदोपत्री सोय आहेच. पण उपचारासाठी दर आठवड्याला खेड्यातून जिल्ह्याच्या गावी जायचे, तर मुलाची शाळा आणि आईची मजुरी दोन्ही बुडतात. दोन-चार खेपांनंतर उपचार सुटतो. त्याऐवजी वाचा-उपचारतज्ज्ञांनी ठरलेल्या वारी तालुक्यातील एखाद्या मोठ्या शाळेत बसावे आणि आसपासच्या शाळांनी मुले तिथे पाठवावीत. हे जूनपासूनच सुरू व्हावे. परीक्षेच्या तोंडावर नव्हे.

– एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा